कुत्र्यास शिकावयास धाडण्यापूर्वीं

गेल्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या संघाच्या सभासदांमध्यें एक नवीच चर्चा ऐकूं येऊं लागली आहे. पुण्यामुंबईकडे कुत्र्यांना महिना-दोन महिने आपल्याकडे ठेवून घेऊन शिकविणारीं केंद्रें निघालीं आहेत. तेथें मार न देतां, केवळ खाऊ व शाबासकी देऊन कुत्र्यास वळण लावतात. आणि मोटारींतून नेऊन पोंचविलेला द्वाड कुत्रा शहाणा होऊन परत येतो, असें हें वर्तमान आहे. ज्यांच्या कुत्र्यानें कोणास तरी चावा घेतला आहे अशा दोघां-तिघांनीं मजजवळ याविषयीं विचारणा केली. मी शेतीचा पंडित नव्हे व कुत्र्यांचाही नव्हे. परंतु कचेरींतून मोकळा झाल्यापासून मी वस्तीवरच राहतों, तीन कुत्रे बाळगून आहें, आणि असलीं दोन केंद्रें स्वतः जाऊन पाहून आलों आहें. तेव्हां माझें मत मासिकद्वारां मांडणें अप्रस्तुत होणार नाहीं असें वाटतें.

मत प्रथमच सांगून टाकतों. शिकविण्याची ही रीत खरी आहे. ती थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. परंतु कुत्रा एकटा धाडणें म्हणजे अर्धेंच शिक्षण विकत घेणें होय, आणि उरलेलें अर्धें घरीं झालें नाहीं तर पैसे देऊन आणलेलें अर्धेंही टिकत नाहीं.

शहरांत कुत्रा हा बहुधा हौसेचा विषय असतो. आपल्या जुन्नर, आंबेगांव, शिरूर या भागांत तो वस्तीचा राखणदार आहे, आणि त्याच्या गुणांवर किंवा खोडींवर माणसांचें हिताहित अवलंबून आहे. उंसाचें क्षेत्र वाढलें तसा बिबट्याही उंसांत मुक्कामास आला. शेजारच्या अकोले खोऱ्यांत बिबट्याची विष्ठा तपासून शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, त्याच्या भक्ष्याच्या एकंदर वजनापैकीं ८७ टक्के वजन माणसाच्या आश्रयानें राहणाऱ्या जनावरांचें असून त्यांत एकट्या कुत्र्याचें ३९ टक्के होतें. म्हणजे ओट्यापुढें साखळीला अडकविलेला कुत्रा आपण राखणदार म्हणून बांधतों, आणि बिबट्याच्या दृष्टीनें तें ताट वाढलेलें असतें. मोकळा सोडावा तर तो दूध न्यावयास येणाऱ्या मुलावर धांवून जातो. ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्यांकडे जातो, आणि तेथें तर उघड्यावर लेंकरें खेळत असतात. बांधून ठेवावा तर बांधण्यानेंच तो अधिक चिडखोर होतो. या कोंडींतून सुटण्याचे आपल्याकडील जुने उपाय सर्वांस ठाऊक आहेत: पोत्यांत घालून घाटापलीकडे सोडून येणें, नाहीं तर भाकरींतून विष. या उपायांपेक्षां शिक्षणाचा उपाय केव्हांही बरा, याविषयीं निदान या मासिकाच्या वाचकांत वाद नसावा.

कायदाही या बाबतींत मुका नाहीं. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्यें, नेहमीं बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी हिंडणें-फिरणें न देणारा धनी गुन्हेगार ठरविला आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये लिहिलेला असल्यामुळें त्याचें भय कोणास वाटत नाहीं, ही गोष्ट निराळी. ज्याचें आयुष्य कागद हाताळण्यांत गेलें त्यास दंडाच्या रकमेपेक्षां कलमाचा हेतु पाहण्याची संवय असते, एवढेंच.

आतां रीतीविषयीं. खाऊ देऊन शिकविणें म्हणजे कुत्र्यास लांच देणें, अशी टीका मीं पारावर ऐकली आहे. लांच ही काम होण्यापूर्वीं दाखविली जाते. येथें काम झाल्यावर मजुरी मिळते. हा भेद ज्यास कळला त्यास अर्धी रीत कळली. कुत्रा अंगावर उडी घेतो तेव्हां त्यास गुडघ्यानें मारून पाडावा, ही जुनी रीत. नव्या रीतींत, चारी पाय जमिनीवर ठेवून तो क्षणभर उभा राहिला कीं तत्काळ तुकडा मिळतो. उडी घेतली तर कांहींच मिळत नाहीं, माणूस पाठ फिरवितो. थोड्याच दिवसांत कुत्र्याचा हिशेब पक्का होतो कीं, उड्या मारण्यांत तोटा आहे. तुकडा नेमक्या क्षणीं पडला पाहिजे, यांतच सारी कला आहे. थोडा उशीर झाला तर कुत्रा भलत्याच कृत्याची मजुरी घेऊन जातो. म्हणून कांहीं शिक्षक हातांत टिकटिक वाजणारी लहान डबी बाळगतात. योग्य कृति होतांच डबी वाजते व मागोमाग खाऊ येतो. त्या आवाजामुळें कोणत्या कृत्याचे पैसे मिळाले तें कुत्र्यास निःसंशय समजतें.

यामागें पुष्कळ जुना अभ्यास आहे. थॉर्नडाइक नांवाच्या अमेरिकन पंडितानें १८९८ सालीं मांजरांचे प्रयोग प्रसिद्ध केले. मांजर पेटींत कोंडावें. दोरी ओढली किंवा खटका दाबला कीं दार उघडावें आणि बाहेरचें खाद्य मिळावें. ज्या हालचालीनें दार उघडे ती हालचाल मांजर प्रत्येक खेपेस अधिक लवकर करूं लागे व बाकीची धडपड गळून पडे. तरीसुद्धां कुत्र्यांच्या बाबतींत सक्तीचीच रीत दीर्घकाळ चालली. जर्मनींतील पोलीस कुत्र्यांचा शिक्षक कोनराड मोस्ट याचा १९१० सालचा ग्रंथ त्या पंथाचा आधार होता. सक्तीनें कुत्रे शिकत नाहींत असें कोणी म्हणत नाहीं. शिकतात, पण काय काय शिकतात, हा प्रश्न आहे.

याचें उत्तर २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या पोर्तुगालमधील एका अभ्यासांत मला मिळालें. माझें इंग्रजी बेताचें. पुतण्यानें वाचून अर्थ सांगितला. कुत्रे शिकविणाऱ्या सात शाळांतील ९२ पाळीव कुत्रे त्यांत तपासले होते. तीन शाळा खाऊ देऊन शिकविणाऱ्या, चार शाळांत कमीअधिक प्रमाणांत झटके, दटावणी व मार. घरीं असतां व शिक्षणानंतर कुत्र्यांची लाळ घेऊन तींतील ताणाचें द्रव्य मोजलें, तेव्हां सक्तीच्या शाळांतील कुत्र्यांत तें शिक्षणानंतर अधिक वाढलेलें दिसलें. परंतु मला विशेष वाटला तो पुढचा प्रयोग. एका खोलींत एका बाजूस भांडें ठेवलें तर त्यांत नेहमीं खाद्य असे, दुसऱ्या बाजूस ठेवलें तर तें नेहमीं रिकामें. कुत्र्यास हें पक्कें समजल्यावर भांडें दोहोंच्या मधोमध ठेवलें. आतां त्यांत खाद्य आहे कीं नाहीं? खाऊवर शिकलेले कुत्रे आशेनें पळत भांड्याकडे गेले; ज्या शाळांत सक्ती सर्वांत अधिक होती तेथील कुत्रे रेंगाळत गेले. भांड्याचा व शाळेचा कांहीं संबंध नव्हता. तेथें कोणी दटावणारा नव्हता. तरी वाईटच घडेल अशी बुद्धि त्यांच्या अंगीं बाणली होती. आपल्या अंगणांत येणारा प्रत्येक नवखा इसम म्हणजे मधोमध ठेवलेलें तेंच भांडें होय. तो बरा कीं वाईट, हें कुत्र्यास ठाऊक नसतें. आणि ज्यास वाईटाचीच अपेक्षा करावयास शिकविलें तो आधींच दांत घालतो. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांस वेल्स देशानें २०१० सालींच बंदी केली; आपल्याकडे मात्र असले पट्टे घरपोंच मागवितां येतात, आणि कांहीं मळ्यांवर ते आलेही आहेत.

बैल शिकविणाऱ्या माणसास यांत अपूर्वाई वाटूं नये. जाणता गडी गोऱ्ह्यास एकदम औताला धरीत नाहीं. नुसतें जूं खांद्यावर ठेवून हिंडवितो, मुरलेल्या बैलाशेजारीं जुंपतो, थोडी तासें झालीं कीं सोडून कपाळ खाजवितो, पेंड चारतो. पराणी टोंचून शिकविलेला बैल कामास येतो खरा, पण पराणी नजरेआड झाली कीं थबकतो. आणखीही एक गोष्ट बैलवाल्यांस ठाऊक आहे, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा तीच आहे. बाजारांतून आणलेला उत्तम शिकलेला बैल नव्या गड्याच्या हांकेस लगेच वळत नाहीं. गड्यानें त्याच्या बोलण्याची, कासऱ्याच्या ओढीची ओळख करून घ्यावी लागते. बैलाच्या बाबतींत हें आपण न सांगतां करतों. कुत्र्याच्या बाबतींत मात्र, तो शिकून आला म्हणजे यंत्रासारखा चालावा अशी अपेक्षा धरतों.

मीं पाहिलेल्या केंद्रांपैकीं एकाचें वर्णन करतों. प्रत्येक कुत्र्यास स्वतंत्र कोठडी, दिवसांतून चार-पांच वेळां बाहेर काढून थोडा थोडा वेळ शिकवणी, बाकी वेळ विश्रांति. दीर्घ शिकवणी मुळींच नाहीं. कंटाळलेला कुत्रा कांहीं शिकत नाहीं, असें तेथील शिक्षक म्हणाले व तें पटलें. एक दांडगा कुत्रा मुसक्यांत स्वतः तोंड घालीत होता, कारण मुसक्याच्या टोंकाशीं प्रत्येक वेळीं उकडलेल्या अंड्याचा कण असे. गुरांच्या डॉक्टरास ज्यांनीं घरीं कुत्र्याच्या टोंचणीसाठीं बोलाविलें असेल त्यांस या एका गोष्टीचें मोल समजेल. दुसऱ्या केंद्राविषयीं फार लिहीत नाहीं. दर्शनी भागांत खाऊचे डबे मांडलेले होते आणि दाराआड आंतून खिळे असलेले पट्टे टांगलेले होते. शिकवणी पाहूं द्या म्हटल्यावर, अनोळखी माणसानें कुत्रे बिथरतात, असें उत्तर मिळालें. जेथें धन्यास शिकवणी पाहूं देत नाहींत तेथें कुत्रा ठेवूं नये. दारावर शिक्षक अशी पाटी लावली म्हणजे ती विद्या अंगीं आली असें होत नाहीं.

आमच्या पलीकडील वस्तीवरील एका बागाइतदारांच्या मोत्या नांवाच्या कुत्र्याची हकीकत या विषयास अगदीं लागू पडते. मोत्यानें एका हंगामांत दोघांना चावा घेतला. त्यांतील एक ऊसतोड्याची पांच वर्षांची मुलगी. तिला ग्रामीण रुग्णालयांत लशीसाठीं खेपा घालाव्या लागल्या, बापाची तितक्या दिवसांची मजुरी बुडाली, आणि टोळीच्या मुकादमानें कुत्रा ठेवणार असाल तर आम्ही फडांत उतरत नाहीं असें सांगितलें. कुत्र्यास विष घालावें असें ठरलेंच होतें. घरांतील मुलांनीं रडून तें थांबविलें व मोत्याची रवानगी वर वर्णिलेल्या पहिल्या केंद्रांत सहा आठवड्यांसाठीं झाली. खर्च दोन-तीन दुभत्या शेळ्यांच्या किमतीइतका आला. कुत्रा परत आणावयास बागाइतदार स्वतः गेले. शिक्षकानें तासभर सर्व करून दाखविलें: बैस म्हणतांच बसणें, हांक मारतांच येणें, नवा माणूस दिसला कीं भुंकून आपल्या जाग्यावर जाऊन उभें राहणें. बागाइतदार संतुष्ट होऊन आले.

पुढें महिनाभरांत मोत्या होता तसा झाला. शिक्षकानें फसविलें, असा गवगवा झाला. मला तो खरा वाटला नाहीं, म्हणून चौकशी केली. त्या घरांत कुत्र्यास भाकरी घालते थोरली सून. सोडतो व बांधतो सालगडी. दिवसभर सोबत असतात मुलें. आणि ओट्यावर बसून हड्हड् करीत त्यास दगड मारतात ते म्हातारे आजोबा. यांपैकीं एकजणही केंद्रांत गेला नव्हता. जे गेले त्या बागाइतदारांचा व कुत्र्याचा दिवसांतून एकदांही संबंध येत नसे. सून “बैस” म्हणे, गडी “खालीं” म्हणे, मुलें “सिट” म्हणत. आणि शिक्षकानें कोणता शब्द शिकविला होता हें एकट्या बागाइतदारांस ठाऊक! महसूल खात्यांतील माझा अनुभवही असाच आहे. प्रशिक्षणास बहुधा तोच इसम धाडीत, ज्याच्यावांचून कचेरीचें अडत नसे. तो चार नवे शब्द शिकून येई आणि काम पूर्वीं जो करीत होता तोच पूर्वींच्याच रीतीनें करीत राही.

शेवटीं त्या सुनेनेंच ही गोष्ट हातीं घेतली. शिक्षकानें बागाइतदारांच्या फोनवर धाडलेलीं चलच्चित्रें कोणी उघडलींही नव्हतीं. तीं तिनें मुलांसह पाहिलीं. मोत्याची भाकरी एकदम न टाकतां तिचे कुटके करून दिवसभर कामाप्रमाणें द्यावयाचे, हा नियम तिनें घातला, आणि आजोबांना सांगितलें, “मामंजी, दगड मारायचा तर मग कुत्रा तुम्हीच सांभाळा.” असें बोलणें त्या घरांत पूर्वीं कोणी केलेलें नव्हतें. दूध न्यावयास येणाऱ्या मुलाच्या हातूनच, दुरून, मोत्यास कुटका टाकण्याची वहिवाट पडली. मोत्या साधु झाला असें मी म्हणणार नाहीं. टोळी आली कीं अद्यापि त्यास मुसकें घालतात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यानंतर त्यानें कोणास दांत लावलेला नाहीं, आणि रात्रीं हांक मारली कीं आपण होऊन लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यांत जाऊन निजतो. आपल्या बिबट्याच्या मुलखांत कुत्र्यास शिकविण्यासारखा पहिला धडा कोणता असें मला विचाराल तर मी हाच सांगेन.

शिकलेला कुत्रा नव्या जागीं शिकलेलें विसरल्यासारखा वागतो, याचेंही कारण समजून घेतलें पाहिजे. केंद्राच्या फरसबंदीवर, एका माणसाच्या आवाजावर, शांत वेळीं तो बसावयास शिकला. गोठ्यांत, शेणाच्या वासांत, कोंबड्या समोरून पळत असतां, दुसऱ्याच्या तोंडून तोच शब्द निघाला तर कुत्र्याच्या लेखीं तो जवळजवळ नवाच धडा असतो. तो तेथें पुन्हां शिकवावा लागतो. मात्र पहिल्यापेक्षां लवकर शिकतो. पैसे दिले ते या लवकरपणाचे, असें समजावें.

ज्यांनीं हा विषय पुरता जाणला ते माणसास वगळीत नाहींत. अमेरिकेंत १९२९ सालीं अंधांसाठीं वाटाडे कुत्रे तयार करणारी सीइंग आय ही संस्था निघाली. तेथें कुत्रा तयार झाला म्हणजे तो टपालानें धाडल्याप्रमाणें पोंचवीत नाहींत. अंध मनुष्य स्वतः तेथें येऊन कांहीं आठवडे राहतो व कुत्र्याबरोबर शिकतो. आपल्याकडील पोलिसांच्या श्वानपथकांतही कुत्र्याबरोबर त्याचा हस्तक शिकतो, आणि पुढें त्या कुत्र्याचें खाणें, फिरविणें व काम त्याच्याच हातीं राहतें. जेथें माणसाचा जीव कुत्र्यावर सोंपवावयाचा असतो तेथें दोघांचें शिक्षण एकत्र होतें. आपल्या अंगणांत तरी दुसरें काय आहे?

पिल्लांविषयीं थोडें. स्कॉट व फुलर या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिल्लें पाळून १९६५ सालीं जो ग्रंथ लिहिला त्यावरून असें दिसतें कीं, पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसाची व जगाची ओळख होण्याचा मुख्य काळ होय. या दिवसांत जें दिसलें, ऐकलें, हुंगलें त्याची भीति पुढें सहसा वाटत नाहीं. आपण नेमकें याच वयांत पिल्लू आणतों, गोठ्याच्या कोपऱ्यांत सुतळीनें बांधतों व तिखट व्हावें म्हणून कोणास हात लावूं देत नाहीं. मग दीड वर्षानें तें माणसांवर धांवतें म्हणून केंद्राचा पत्ता शोधतों. हा काळ गेल्यावर कोणतेंही केंद्र तो परत आणून देत नाहीं. तें फक्त डागडुजी करतें.

दोन आक्षेपांस उत्तर देणें अवश्य आहे. खाऊनें कुत्रा लाडावेल व चोरास ओळखणार नाहीं, हा एक. चोराच्या हातचा तुकडा न घेणें हाही एक धडाच आहे, आणि तो पोटभर जेवणाऱ्या, शिकलेल्या कुत्र्यास शिकवितां येतो. उपाशी बांधलेला कुत्रा मात्र कोणाचाही तुकडा घेतो. दुसरा आक्षेप माळकरी घरांचा, कीं असल्या शिक्षणास मांस लागतें. लागत नाहीं. भाकरीचा कुटका, पनीर, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे यांवर माझे तिघेही शिकतात. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा ज्यांच्या घरीं सांगतात त्यांस कुत्र्याला घांस देण्याचें वावडें असूं नये.

कुत्रा धाडावयाचाच असेल तर त्यास पिसाळरोगाची लस टोंचलेली असावी, आणि जेथें पुष्कळ कुत्रे एकत्र राहतात तेथें पसरणाऱ्या इतर रोगांच्याही लशी पुऱ्या झालेल्या असाव्या. ठरावांत घरच्या माणसांच्या शिकवणीचे दिवस किती, हें लिहून घ्यावें. बहुतेक ठिकाणीं एखाददुसरा तास असतो, तो पुरत नाहीं. आणि त्या दिवशीं जो पैसे देतो त्यानें एकट्यानें न जातां, जी भाकरी घालते तिला व जो बांधतो-सोडतो त्यालाही मोटारींत बसवावें. गड्याचा एक दिवस मोडेल. मोडूं द्यावा.

तथापि याहून सोयीचा मार्ग संघाच्या हातीं आहे असें मला वाटतें. एका कुत्र्याच्या महिन्याभराच्या खर्चांत आठ-दहा सभासदांनीं वांटणी केली तर शिक्षकच आपल्याकडे येऊं शकेल. त्यास बाजाराच्या आवारांत न बोलावितां, दर रविवारीं एका निराळ्या वस्तीवर न्यावें. म्हणजे कुत्रा जेथें राहतो तेथेंच, त्याच्याच गोठ्यापुढें शिकेल, व घरांतील मंडळीही ओट्यावरून उतरून शिकतील. येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यास मुसकें व लशीचा दाखला असावा, इतकीच अट पुरे. गळीताचा हंगाम सुरू होऊन टोळ्या येण्यापूर्वीं हें उरकलें तर फार बरें. चिटणिसांकडे मीं या विषयाचा अर्ज दिला असून माझे तीन कुत्रे व त्यांना भाकरी घालणाऱ्या घरांतील दोन माणसांचीं नांवें त्यांत लिहिलीं आहेत. आणखी सात नांवें हवीं आहेत.

— एक सेवानिवृत्त अव्वल कारकून